उसाच्या शेतातले दगड
(शताब्दी सोहळ्यातील छायाचित्र प्रदर्शनाच्या वेळी केलेले भाषण)



माझ्या फोटोंत माणसे का नाहीत, असे मघाशी दोघा-तिघांनी विचारले. खरे आहे. ऊस, डोंगर आणि काळ्या दगडांचे ढीग, एवढेच त्यांत आहे. त्याचे कारण सांगतो.

आपल्या मोरिशसची जमीन ज्वालामुखीतून झालेली. ऊस लावायचा तर आधी दगड काढावे लागत. ते काम आधी गुलामांनी केले आणि १८३४ पासून गिरमिटावर आलेल्या मजुरांनी. त्यांत रत्नागिरी, साताऱ्याकडून मुंबई बंदरात येऊन बोटीत बसलेले आपले पूर्वजही होते. हातांनी दगड वेचून त्यांनी शेतातच ढीग रचले. एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. त्या हिशेबात आजारपणालाही सवड नव्हती.

माझ्या आजीने तरुणपणी असे दगड डोक्यावरून वाहिले. बसमधून जाताना ढीग दिसला की ती तोंड फिरवायची. विचारले तर म्हणायची, "काय बघायचंय त्यात?" दुसरे काही बोलली नाही. ती गेल्यावर मी कॅमेरा घेऊन तिथे जाऊ लागलो.

पहिला फोटो मी थोरल्या मावशीला दाखवला. तिने विचारले, "यात माणूस कुठे आहे रे?" मी गप्प राहिलो. मग तिनेच ढिगावर बोट ठेवले. "हा खालचा दगड एकट्याने उचलला नसेल. दोघं तरी असतील." आणि त्या दुपारी, आमच्या घरात प्रथमच, ती आजीच्या कष्टांविषयी बोलली.

आपल्या पूर्वजांचे फोटो नाहीत असे नाही. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरांना फोटो लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. परवाना नसेल तर पोलीस पकडत. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या काळचे फोटो आणि नोंदी जपलेल्या आहेत. त्या फोटोंत चेहरा आहे, पण घर नाही, शेत नाही, गाव नाही. ते आपल्यासाठी काढलेलेच नव्हते. माणूस ओळखून पकडता यावा म्हणून काढले होते.

तिथे चेहऱ्याला जागा नाही आणि माझ्या फोटोंत जागेला चेहरा नाही. ही दोन्ही एकत्र आणणे हे आपले काम आहे.

आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा झाला, गुलामांच्या आठवणीचा ल मोर्न डोंगर २००८ साली. शेतातल्या ढिगांना असे संरक्षण नाही. यंत्राने शेती करायची म्हणून अनेक ठिकाणी ते हटवले जात आहेत. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. पण ढीग जाण्याआधी त्याचा फोटो तरी काढून ठेवू या.

म्हणून एक विनंती करतो. येत्या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला त्यांच्या जुन्या इस्टेटीवर घेऊन जा. फोटो मोबाइलवर काढला तरी चालेल. घाई करू नका. ते तोंड फिरवतील तर फिरवू द्या. बोलू लागले तर ऐका, आणि फोटोमागे गावाचे नाव, तारीख आणि त्यांचे शब्द लिहून ठेवा.