मिक्सर घ्यायचा, पण कशासाठी?



मिक्सर घ्यायला गेलात की दुकानदार आधी वॅट सांगतो. पाचशे, साडेसातशे, हजार! तुम्ही मात्र त्याला आधी सांगा, घरात दळायचंय काय ते.

आपलं वाटण मोटरीचा कस पाहणारं, हे खरंच. १९६०च्या दशकात सत्यप्रकाश माथुर या अभियंत्यानं मुंबईत ‘सुमीत’ मिक्सर तयार केला, तो आपल्याकडचं दळण-वाटण झेपावं म्हणूनच. पण आज चार माणसांच्या घराला पाचशे ते साडेसातशे वॅट सहसा पुरतात. त्यापुढे बघायचं ते भांडं. चमचाभर वेलदोडे मोठ्या भांड्यात टाकले तर ते कडेला उडून बसतात आणि पातं नुसतंच फिरतं. चटणीचं लहान, खोलगट भांडं हवंच.

आता तेलबिया. शेंगदाण्यात आणि तिळात जवळजवळ निम्मं तेल असतं, जवसातही भरपूर. मिक्सर सलग चालवला की दाणे तापतात, तेल सुटतं आणि कुटाचा गोळा होतो. म्हणून भाजलेले दाणे पूर्ण गार होऊ द्या आणि बटण क्षणभर दाबून सोडा, पुन्हा दाबा. ही झटक्यानं फिरवायची सोय मिक्सरला आहे ना, हे दुकानातच पाहा.

मसाल्यांत धणे-जिरे सोपे. हळकुंड आणि सुंठ आधी खलबत्त्यात ठेचून घ्या, पाती वाचतील. वर्षाचा मसाला मात्र डंकावरच कुटायला द्या. घरगुती मोटर सलग किती मिनिटं चालवायची हे माहितीपत्रकात दिलेलं असतं. ती मर्यादा ओलांडून मोटर बंद पडलीच, तर ती निवू द्या, मग मोटर पुन्हा सुरू करायचं तळाचं लाल बटण असेल, तर ते दाबा.

कॉफीची गोष्ट निराळी. मिक्सरचं पातं बिया तोडतं, त्यामुळे काहींचं पीठ होतं, काही भरड राहतात. गरम पाण्यात पिठाचा कडूपणा जास्त उतरतो आणि भरडीचा स्वाद पुरता उतरतच नाही. कॉफीच्या खास ग्राइंडरमध्ये जात्यासारखे दोन खाचदार भाग असतात, त्यांमधलं अंतर कमी-जास्त करता येतं, म्हणून पूड एकसारखी पडते. हातानं फिरवायचेही मिळतात. कॉफीच्या ग्राइंडरमध्ये शेंगदाणे किंवा तीळ घालू नका, तेलानं खाचा बुजतात.

रोज ताजी कॉफी दळून पिणाऱ्यांनी हा ग्राइंडर वेगळा घ्यावा. कधीमधी पिणाऱ्यांनी मिक्सरचं एक जादा लहान भांडं कॉफीपुरतं राखावं, कारण झाकणाच्या रबरात जिऱ्याचा वास मुरतो. मूठभर कोरडे तांदूळ फिरवले तर तो कमी होतो, पुरता जात नाही.

शेवटी, पातं, रबर आणि भांड्याखालचा कपलर हे झिजणारे भाग आहेत. ते आपल्या गावात मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारा. हजार वॅटचा मिक्सरही दोनशे रुपयांच्या सुट्या भागावाचून माळ्यावर जातो.