शेजारच्या घरांतील आक्रोश

भिंतीपलीकडून मारहाणीचा आवाज आला असतां, 'नवराबायकोचें भांडण' म्हणून पुष्कळ जण आपलें दार लावून घेतात. कायदा मात्र निराळेंच सांगतो. २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यान्वयें शेजाऱ्यासही संरक्षण अधिकाऱ्याकडे वर्दी देतां येते. ती सद्‌बुद्धीनें दिली असल्यास त्याजवर कसलीही कायदेशीर जबाबदारी येत नाहीं. मग भीति कोणाची?

परंतु पीडितेनें कोर्टाचे हेलपाटे घालावयाचे, तर तिच्या नोकरीचें व पगाराचें काय? बहुसंख्य कॅथलिक असलेल्या फिलिपाईन्स देशानें २००४ सालींच अशा स्त्रीस १० दिवसांपर्यंत भरपगारी रजेचा हक्क दिला. आपल्या धर्मग्रामांतील कारखानदारांनीं व दुकानदारांनीं तेवढ्यासाठीं सरकारी हुकुमाची वाट पाहावी, ह्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.