बिंदुनामावलीतला रिकामा रकाना
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत मी सव्वीस वर्षे लिपिक होतो. माझ्या टेबलावर बिंदुनामावलीची लांबट नोंदवही असे. कोणते पद कोणत्या प्रवर्गाचे, कोणते भरले, कोणते रिकामे, याचा हिशेब तिच्यात.

एकदा अनुसूचित जमातीच्या उमेदवारातून लिपिकाची जागा भरायची होती. मुलाखतीची पत्रे माझ्याकडून उशिरा निघाली. एका उमेदवाराचे गाव डोंगरात. मुलाखती संपल्यावर चौथ्या दिवशी तो पत्र हातात घेऊन आला. साहेब म्हणाले, ‘‘आता काय करणार?’’ मी शिरस्त्याप्रमाणे शेरा लिहिला : ‘योग्य उमेदवार उपलब्ध नाही.’ उमेदवार समोरच्या बाकावर बसला होता.

अनुशेष म्हणतात तो असाही वाढतो. त्यासाठी कोणी दुष्ट असावे लागत नाही, आळस पुरतो.

राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, हे आपण शाळेत शिकतो. त्याच हुकुमात आणखी एक कलम आहे. प्रत्येक खातेप्रमुखाने नेमणुकांचे पत्रक दर तीन महिन्यांनी सादर करावे. हुकूम काढून भागत नाही, हिशेब मागावा लागतो, हे महाराज जाणून होते.

नोकरीबरोबर त्यांनी धंद्याचाही विचार केला. गंगाराम कांबळे यांना कोल्हापुरात चहाचे दुकान काढून दिले आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. दुकान निघाले तरी गिऱ्हाईक लागतेच. सरकार हेही मोठे गिऱ्हाईक आहे. केंद्राच्या २०१२च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून चार टक्के खरेदीचे उद्दिष्ट आले. २०१८ मध्ये महिला उद्योजकांसाठी तीन टक्के ठरले. पण निविदेत जुन्या अनुभवाची अट घातली, की पहिल्यांदा येणारा दारातच अडतो. अनुभव मिळवायला आधी काम तर मिळाले पाहिजे!

दुसरीकडे, आमच्या कार्यालयातली सफाई आणि पहाऱ्याची कामे ठेकेदाराकडे गेली, तेव्हा ती पदे माझ्या नोंदवहीतून दिसेनाशी झाली. राखीव जागा कोणी रद्द केली नाही. जागाच उरली नाही.

तो मुलगा पुन्हा आला नाही. ती जागा मी निवृत्त होईपर्यंत रिकामी होती. नंतर मी पत्रे रजिस्टर टपालाने पाठवू लागलो, ग्रामपंचायतीलाही कळवू लागलो. माझ्या खुर्चीवर आलेल्या मुलीला मी एवढेच सांगितले, ‘‘बाई, तो शेरा लिहिण्याआधी पत्र कोणत्या तारखेला टपालात पडले ते पाहा.’’