रिपोर्ट चांगला आला, तरी बाळावरची नजर काढू नका

 

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका मावशींचा दवाखान्यातून फोन आला. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ सात दिवसांचं. मावशी म्हणाल्या, "ताई, डॉक्टर म्हणतात सीआरपी करायची. आपली सीआरपी ताई इथं कशाला लागतीय?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आपल्याला सीआरपी म्हणजे गावोगाव फिरून गट बांधणारी ताई एवढंच माहीत. दवाखान्यातली सीआरपी मात्र रक्ताची तपासणी असते.

झालं असं होतं, की बाळ आदल्या रात्रीपासून दूध ओढत नव्हतं. रडणं बारीक झालं होतं, अंग गार लागत होतं. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं गुटी उगाळून द्या. नशिबानं त्या दिवशी आशाताईंची सातव्या दिवसाची भेट होती. त्यांनी बाळाचं अंग बघितलं, श्वास मोजला आणि लगेच गाडी बोलावली. डॉक्टरांना जंतुदोष रक्तात पसरल्याची शंका आली. यालाच सेप्सिस म्हणतात. त्यांनी रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू केलं.

पहिली सीआरपी चांगली आली. घरचे म्हणाले, "मग पोराला सुया कशाला? घरी नेतो." डॉक्टर म्हणाले, उद्या परत तपासू. दुसऱ्या दिवशी तीच सीआरपी वाढलेली निघाली. आदल्या दिवशी कागद बघून बाळ घरी नेलं असतं, तर? आज ते पोर रांगतंय, म्हणून हे मी हसत सांगू शकते.

असं का होतं? आपल्या गुऱ्हाळात चुलवाणात जाळ घातला, तरी काहिलीतला रस लगेच उकळत नाही. सीआरपीचं तसंच आहे. अंगात जंतू शिरल्यावर यकृत हा पदार्थ तयार करतं. तो रक्तात वाढलेला दिसायला दहा-बारा तास तरी लागतात. म्हणून एकदा रिपोर्ट चांगला आला म्हणजे सुटलो असं नाही. तपासणी परत करावी लागते. औषध लागू पडलं की सीआरपी उतरते. उतरली नाही, तर डॉक्टर औषधाचा परत विचार करतात. "सारखं रक्त काढतात" म्हणून रागावू नका.

दुसरी तपासणी प्रोकॅल्सिटोनिन. ती सीआरपीच्या आधी वाढते, पण जन्मानंतरचे पहिले दोन दिवस निरोगी बाळातही वाढलेली असते. तिसरी ब्लड कल्चर. यात जंतू वाढवून बघतात, त्यामुळं नेमका जंतू आणि त्यावरचं औषध कळतं. पण त्याला दोन-तीन दिवस लागतात, आणि कधी जंतू सापडतही नाही. प्लेटलेट फार घसरल्या, तर आजार गंभीर आहे असं डॉक्टर धरतात. पण बाळ वाचेल की नाही, हे कुठलाही एक आकडा सांगत नाही.

मग आपल्या हातात काय? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९३ पासून ३९ गावांत काम केलं. तिथं घराजवळ प्रयोगशाळा नव्हती. गावातल्याच बायका आरोग्यदूत झाल्या. त्यांनी घरी जाऊन बाळ बघितलं, खुणा ओळखल्या, शिकवलेलं औषध दिलं. तुलनेला घेतलेल्या गावांच्या मानानं, तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात ते छापून आलं. आशाताई आपल्या घरी येतात, त्या भेटींचं मूळ या कामात आहे.

म्हणून या खुणा पाठ करा: चांगलं पिणारं बाळ दूध ओढेना. रडणं मंदावलं. बाळ सुस्त पडलं, हलवल्याशिवाय हालचाल करेना. अंग तापलं किंवा गार पडलं. श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, किंवा छाती आत ओढली जातीय. पोट फुगलं. बेंबीतून पू येतोय. झटके आले. यातलं एकही दिसलं, तर सकाळ होण्याची वाट बघू नका. १०८ किंवा १०२ ला फोन करा. बाळाला छातीशी, उबेत धरून न्या. बेंबीला हळद, राख, तेल काही लावू नका.

आणि पैशासाठी थांबू नका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात आजारी बाळाची तपासणी, औषधं आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. ही सोय आता बाळ एक वर्षाचं होईपर्यंत मिळते.

आमच्या गटानं त्या मावशींच्याच सांगण्यावरून एक ठराव केला. गावात बाळंतीण आली, की तिच्या घराशेजारच्या दोघी सदस्य ४२ दिवस रोज डोकावून येतात. तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. हप्ता भरून झाला, की पाच मिनिटं पुरतात.