सिनेमाचा दाखला



आज आपण सिनेमाविषयी बोलणार आहोत. हसू नका. सिनेमा ही करमणूक आहे हे खरे. पण खेळ सुरू होण्याआधी पडद्यावर एक कागद दिसतो, तो तुम्ही कधी वाचला आहे का? कागद येतो, थोडा वेळ थांबतो आणि निघून जातो. तेवढ्यात लोक जागा शोधतात, शेंगा सोलतात, पोरांना गप्प करतात. त्या कागदाकडे कुणाचे लक्ष नसते. शाळेत नाव घालताना जसा जन्माचा दाखला लागतो, तसा तो सिनेमाचा दाखला असतो. त्याच्याशिवाय चित्रपटगृहात सिनेमा दाखवता येत नाही.

आधी आमचीच एक चूक सांगतो. साक्षरतेच्या वर्गात एकदा आम्ही सांगितले, "ज्या सिनेमावर 'ए' अक्षर असते, तो मोठ्या माणसांचा. तिथे पोरे नेऊ नका." एवढे सांगून आम्ही मोकळे झालो. पुढे वर्गातल्या एक बाई आपल्या दोन मुलांना घेऊन शहरात गेल्या. देवाचा सिनेमा होता. पडद्यावर दाखला आला. बाई नुकत्याच वाचायला शिकलेल्या. मोठ्या हौसेने त्यांनी वाचायला घेतले, तर ठळक 'अ'! बाई घाबरल्या. मुलांना उठवले आणि तिकिटाचे पैसे सोडून बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही सांगितलं म्हणून उठले. पोरं रडली हो. देवाच्या सिनेमात असं काय वाईट होतं?"

काहीच वाईट नव्हते. चूक आमची होती. आम्ही इंग्रजीतला 'ए' सांगितला. नागरीतल्या अक्षरांचे सांगायचे राहूनच गेले. आता नीट ऐका आणि पाटीवर लिहून घ्या.

'अ' म्हणजे अनिर्बंधित. ज्याला बंधन नाही तो. लहानथोर सर्वांनी पाहावा असा सिनेमा. याला इंग्रजीत 'यू' म्हणतात.

'व' म्हणजे वयस्क. इथे वयस्क म्हणजे म्हातारा नव्हे, तर वयाची १८ वर्षे पुरी झालेला माणूस. असा सिनेमा मुलांना दाखवता येत नाही. याला इंग्रजीत 'ए' म्हणतात.

'अव' म्हणजे मधला. मुले पाहू शकतात, पण आईबापांनी विचार करून दाखवावा. याला इंग्रजीत 'यूए' म्हणतात.

पाहा, नागरीतला 'अ' आणि इंग्रजीतला 'ए' यांचे अर्थ अगदी उलटे आहेत. अर्धे सांगितले की असा घोटाळा होतो.

पण त्या बाईंनी पुढे आणखी एक प्रश्न विचारला. "गुरुजी, हे ठरवतं कोण? आणि एकदा ठरलं की कायमचं का?" हा प्रश्न लाखमोलाचा आहे. आजचे आमचे बोलणे त्याच प्रश्नाचे उत्तर आहे.

आपल्या देशात सिनेमा तपासण्याचा कायदा इंग्रजांनी १९१८ साली केला. १९२० साली मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा शहरांत तपासणी मंडळे नेमली. त्या मंडळांवर पोलिसांचा मोठा हात असे. इंग्रज सरकारला भीती कशाची होती? स्वराज्याची. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने १९३० च्या सुमारास शिवाजी महाराजांवर एक मूकपट केला. त्याचे नाव 'स्वराज्याचे तोरण' असे ठेवले होते. मंडळाला 'स्वराज्य' हा शब्द खपला नाही. शेवटी नाव बदलून 'उदयकाल' असे ठेवावे लागले.

दुसरी गोष्ट तर आपल्या जिल्ह्यातल्या संताची आहे. पैठणचे एकनाथ महाराज आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. नाथषष्ठीला आपल्यातले किती तरी जण पैठणला जातात. नाथांनी शिवाशिव मानली नाही. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्याचे पोर त्यांनी कडेवर घेतले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. प्रभात कंपनी पुढे पुण्याला गेली. तिथे व्ही. शांताराम यांनी १९३५ साली नाथांवर बोलपट केला. नाथांचे काम बालगंधर्वांनी केले. बोलपटाचे नाव होते 'महात्मा'. मंडळाने हरकत घेतली. का? तर त्या काळी 'महात्मा' म्हटले की लोकांना गांधीजी आठवत. आणि गांधीजींची अस्पृश्यता निवारणाची चळवळ तेव्हा जोरात होती. अखेर 'महात्मा' गेले आणि 'धर्मात्मा' आले. संत तेच, गोष्ट तीच, पण पाटी बदलावी लागली.

आता पुढे ऐका. १९४७ साली स्वराज्य आले. १९५४ साली आचार्य अत्रे यांनी जोतीराव फुल्यांवर चित्रपट काढला. त्याचे नाव काय? 'महात्मा फुले'. ज्या शब्दाला १९३५ साली कात्री लागली, तोच शब्द आता डोक्यावर मिरवत सिनेमा आला. आणि त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले! मध्ये वर्षे किती गेली? अवघी १९. शब्द बदलला नव्हता. राज्य बदलले होते.

कुणाला वाटेल, म्हणजे कात्री हळूहळू बोथट होत गेली. तसेही नाही. १९३३ च्या 'कर्मा' या बोलपटात नायक-नायिकेचे चुंबन होते. इंग्रजांच्या राज्यात ते चालले. स्वराज्यात मात्र पुष्कळ वर्षे तसले दृश्य पडद्यावर दिसत नसे. दोन माणसे जवळ आली, की एकदम दोन फुले डुलताना दाखवत. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना ती फुले आठवत असतील! इंग्रजांना स्वराज्याची भीती होती. आपल्या सरकारला चालीरीती बिघडण्याची काळजी होती. ज्याची काळजी, त्यावर कात्री.

सध्याचा कायदा १९५२ सालचा आहे. तपासणी मंडळाचे अध्यक्ष आणि सभासद केंद्र सरकार नेमते. मुख्य कचेरी मुंबईत आहे. १९७० साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी दावा लावला होता. न्यायालय म्हणाले, सिनेमा आधी तपासणे घटनेत बसते, कारण हलत्या-बोलत्या चित्राचा माणसाच्या मनावर फार मोठा परिणाम होतो.

आता 'शोले'ची गोष्ट. तो सिनेमा न पाहिलेला माणूस गावात सापडणे कठीण. १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो आला. आम्ही तो शाळकरी वयात जत्रेतल्या तंबूत पाहिला. शेवटी ठाकूर गब्बरला पायाने तुडवत असतो. इतक्यात पोलीस येतात आणि ठाकूरला थांबवतात. तंबूतली माणसे चरफडली. "आत्ता बरे पोलीस आले!" असे कुणी तरी मोठ्याने म्हणाले, ते अजून आठवते. मूळ सिनेमात पोलीस आलेच नव्हते. ठाकूर खिळ्यांच्या जोड्याने गब्बरला ठार करतो, असा शेवट चित्रित झाला होता. पण तेव्हा देशात आणीबाणी होती. पोलिसात नोकरी केलेला माणूसच कायदा हातात घेतो, हे मंडळाला पटले नाही. शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. ५० वर्षांनी, २०२५ साली, मूळ शेवटाचा 'शोले' आधी इटलीतल्या महोत्सवात आणि मग डिसेंबरात आपल्याकडच्या चित्रपटगृहांत दाखवला गेला. जे १९७५ साली लोकांनी पाहू नये असे वाटले, ते २०२५ साली तिकीट काढून पाहायला मिळाले.

दाखल्याची अक्षरेही अशीच बदलली. आधी फक्त 'अ' आणि 'व' होते. १९८३ साली मधला 'अव' आला. त्याच वर्षी मंडळाचे नावही बदलले. आधी ते सेन्सॉर मंडळ होते, मग चित्रपट प्रमाणपत्र मंडळ झाले. लोक अजून सेन्सॉरच म्हणतात, ती गोष्ट वेगळी. 'अव'मध्ये तेव्हा १२ वर्षांची खूण होती. २०२३ साली कायदा सुधारून त्याचे तीन भाग केले: ७, १३ आणि १६. म्हणजे 'अव १३' असेल, तर १३ वर्षांखालच्या मुलाला दाखवायचे की नाही, ते आईबापांनी ठरवायचे. सात वर्षांचे पोर आणि पंधरा वर्षांचा मुलगा एकच गोष्ट सारखी समजू शकत नाहीत, हे शाळा चालवताना आम्ही रोज पाहिले आहे. हा बदल चांगला झाला.

काही काळज्या तर अगदी नव्या आहेत. जुन्या सिनेमात नायक खुशाल सिगारेट ओढी. २०१२ पासून तसे दृश्य आले, की तंबाखू घातक आहे असे पडद्यावर लिहावे लागते.

आणि काही प्रश्न फिरून पुन्हा आपल्या दारात येतात. २०२५ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंवर 'फुले' नावाचा हिंदी सिनेमा आला. मंडळाने त्याला सर्वांसाठीचा दाखला दिला, पण काही बदल सांगितले. जातींची नावे, 'पेशवाई' हा शब्द काढायला सांगितला. 'तीन हजार वर्षांची गुलामी' याऐवजी 'कित्येक वर्षांची' असे करायला सांगितले. काही संघटनांनीही हरकत घेतली. ११ एप्रिलला, म्हणजे जोतीरावांच्या जयंतीला, येणारा सिनेमा २५ एप्रिलला आला. एक बाजू म्हणाली, असे शब्द ऐकून मने दुखावतात. दुसरी बाजू म्हणाली, जे घडले त्याचे नाव घेतले नाही, तर ते सांगायचे कसे? आमचे मत विचाराल तर, ज्यांनी सोसले त्यांच्या सोसण्याचे नाव पुसू नये. तुमचे मत निराळे असू शकते. पारावर बसून यावर जरूर बोला. पण बोलायच्या आधी सिनेमा पाहा. ऐकीव गोष्टीवर भांडू नका.

तर बाईंच्या प्रश्नाचे उत्तर असे. दाखला माणसेच देतात. माणसे आपल्या काळाप्रमाणे विचार करतात. काळ बदलला की दाखलाही बदलतो. म्हणून दाखला खोटा ठरत नाही. पण तो दगडावरची रेघही नाही. रस्त्यावरच्या पाटीसारखा तो आहे. पाटी वाचावी, पण रस्त्यावर नजर आपलीच ठेवावी.

आणखी एक. आता सिनेमा तंबूत नाही, खिशात आला आहे. मोबाइलवरच्या मालिका हे मंडळ तपासत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्या दाखवणाऱ्या कंपन्यांनीच त्यांवर वय लिहायचे असते. आणि कुणी तरी कुणाला पाठवलेल्या चित्रफितीवर तर काहीच लिहिलेले नसते. तिथे तुम्हीच मंडळ आणि तुम्हीच दाखला. पोराच्या हातात मोबाइल देण्याआधी ते अक्षर आणि तो आकडा वाचा. जिथे दाखलाच नाही, तिथे पोराजवळ बसून आधी आपण पाहा.

त्या बाई पुढे पुन्हा मुलांना घेऊन शहरात गेल्या. या वेळी त्यांनी तिकिटाच्या खिडकीवरच दाखला विचारला. 'अव १३' होता. मोठी मुलगी १४ वर्षांची, धाकटा नऊचा. बाईंनी खिडकीवरच्या माणसाला विचारले, "मारामारी किती आहे?" उत्तर ऐकून त्या थोडा वेळ थांबल्या, आणि मग तिघांची तिकिटे काढली. धाकट्याला मात्र आपल्या शेजारी बसवले. हे आम्हाला कुणी शिकवायला सांगितले नव्हते. ते त्यांचे त्यांनीच ठरवले.

वाचायला येणे म्हणजे हेच. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.