खंजिरीचं सामर्थ्य

अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातून आलेल्या ब्लूज गायक बी. बी. किंग यांची ओळख गिटारीशिवाय पुरी होत नाही. आपल्या वऱ्हाडच्या कापूसपट्ट्यातले राष्ट्रसंत तुकडोजी महाराजही खंजिरीशिवाय पुरते कळत नाहीत. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेल्या महाराजांनी १९३५मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. १९४२च्या ‘चले जाव’ लढ्यात त्यांच्या भजनांनी चिमूर परिसर चेतवला आणि इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं. १९५५ साली जपानमधल्या विश्वधर्म परिषदेलाही ते गेले.

कुणी म्हणेल, महाराज समाजसुधारक. त्यांना वादक का म्हणायचं? शिवाय चालीही साध्या. पण त्या साधेपणातच लोकांना सामील करून घेण्याची ताकद होती. खंजिरी एका हातात मावते, सोबत मोठा ताफा लागत नाही आणि तिच्या ठेक्यावर निरक्षर माणूसही धृपद उचलतो. म्हणूनच व्यसनमुक्ती, ग्रामसफाई, अस्पृश्यतेचा नायनाट हे विचार भजनांतून गावोगाव रुजले. महाराजांची ‘ग्रामगीता’ वाचताना त्यामागची खंजिरीही ऐकावी. विचार आणि वादन वेगळे काढले, तर महाराजांचं कार्य अर्धंच समजेल.