सदुसष्ट घरांतले दाणे

श्रोतेहो, बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट आपण लहानपणी ऐकली असेल. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. असे दुप्पट करीत गेले आणि राजाची कोठारे पुरेनाशी झाली. पट ६४ घरांचा. आज त्याला आणखी तीन घरे जोडू या. या ६७ घरांतल्या दाण्यांची बेरीज होते १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. एकवीस अंकी संख्या!

आता हिची जात कोणती? विषम, हे शेवटच्या सातावरून कळतेच. पण मूळ की संयुक्त? तीन घरांची बेरीज ७, पाच घरांची ३१, सात घरांची १२७. या साऱ्या मूळ संख्या. एक आणि स्वतः यांवाचून त्यांना कशानेच भाग जात नाही. मग वाटते, घरे मूळ संख्येइतकी असली की बेरीजही मूळच येणार. पण अकरा घरांची बेरीज २०४७, आणि २३ गुणिले ८९ बरोबर २०४७! फसला की नाही नियम?

फ्रान्समधले धर्मगुरू मारँ मेर्सेन यांनी १६४४ साली अशा मूळ संख्यांची यादी छापली. तीत आपली ही ६७ घरांची बेरीजही होती. ही चूक सव्वादोनशेहून अधिक वर्षे राहिली. १८७६ साली एदुआर ल्युका यांनी ती संख्या मूळ नाही, असे सिद्ध केले. गंमत अशी, की तिचे अवयव कोणते हे त्यांच्या रीतीने कळत नव्हते. चोरी झाली हे ठरले, चोर मात्र सापडला नाही!

तो सापडला ऑक्टोबर १९०३ मध्ये, न्यूयॉर्कच्या गणितज्ञांच्या सभेत. प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल फळ्याशी गेले. सांगतात, की ते एक शब्दही बोलले नाहीत. एका बाजूला ६७ वेळा दोन घेऊन गुणाकार केला, त्यातून एक वजा केला. दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ ला ७,६१,८३,८२,५७,२८७ ने गुणले. दोन्ही उत्तरे एकच! सभेने टाळ्या वाजवल्या. यासाठी आपले तीन वर्षांचे रविवार खर्ची पडले, असे त्यांनी पुढे सांगितल्याची आख्यायिका आहे.

गुरुजी, उद्या वर्गात नवाचा ताळा पाहा. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे १०, म्हणजे १. दुसऱ्याची ६४, म्हणजे पुन्हा १. एके एक एक. मोठ्या संख्येच्या अंकांची बेरीज १०९. तीही १ वरच येते. ताळा जुळला म्हणजे गुणाकार बरोबरच, असे मात्र नाही. न जुळला तर तो नक्की चुकला. खरी खात्री हवी, तर पाटीवर पूर्ण गुणाकार करायला हवा.

आज गणकयंत्र हे अवयव क्षणात काढते. पण छापलेले सारेच खरे नसते, हे यंत्र शिकवणार नाही. ते आपणच शिकवायचे. एखादा पोर उठून “गुरुजी, हे कशावरून?” असे विचारील, तेव्हा त्याला खाली बसवू नका. खडू त्याच्या हाती द्या.